टीएसएच नॉर्मल, मान लालबुंद

तासगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी शटर वर गेलं की उपाशीपोटी आलेल्या बायकांची रांग लागलेली असते, आणि फॉर्मवर साखरेखालोखाल सगळ्यात जास्त खुणा असतात त्या टीएसएचवर, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनवर. आमच्या भागात ‘थायरॉईड आहे’ म्हणजे गोळी चालू आहे. पंचवीसची की पन्नासची, एवढीच पुढची चौकशी. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी; तिच्यात जंतू शिरून पू होऊ शकतो हे डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करताना कधीतरी एका ओळीत वाचलं होतं. परीक्षेत आलं नाही, त्यामुळे डोक्यातून गेलंही. ती ओळ पुढे आमच्याच घरात उतरली. पेशंट माझी भाची, दादाची मुलगी. तिला इथे ओवी म्हणते. वय तेव्हा सात. दादा-वहिनींना विचारूनच लिहितेय, कारण त्या दिवसांत रात्री रात्री मोबाईलवर शोधूनही मराठीत आम्हाला काही मिळालं नव्हतं.

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे द्राक्षांची काढणी. सगळं घर बागेत. ओवीला काही दिवस सर्दी-खोकला होता, त्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. एका संध्याकाळी पोर फणफणली. मान दुखतेय, गिळवत नाही म्हणाली. आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, लांबूनच निदान केलं. “आगं, गालगुंड हाय ते. रक्तचंदन उगाळून लाव, चार दिसात बसतंय.”

आईचं अगदीच चुकीचं नव्हतं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, तिच्यात गालगुंडाची नसते. त्यामुळे गालगुंडाची पोरं अजून शाळाशाळांतून निघतात. पण गालगुंडाची सूज येते कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर. ओवीची सूज त्याच्या बरीच खाली होती, श्वासनळीच्या डाव्या अंगाला. वहिनी लेप लावायला गेली आणि तिचं बोट टेकताच ओवीनं अशी किंकाळी फोडली की वाटी तशीच बाजूला ठेवावी लागली.

गावातल्या डॉक्टरांनी घसा बघितला, लाल आहे म्हणाले, तापाचं आणि अँटिबायोटिकचं सिरप दिलं. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. सुजेवरची कातडी लाल व्हायला लागली. आणि ओवी हनुवटी छातीशी घेऊन बसायला लागली. भिंतीवरच्या टीव्हीत कार्टून लागलं तरी मान वर करायची नाही, फक्त डोळे वर करायची. वहिनीला वाटलं, हट्ट चाललाय.

सांगलीच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी मात्र ती दारातून आत येत असतानाच विचारलं, “ही मान अशी कधीपासून धरतेय?” थायरॉईडच्या आत आणि भोवती सूज असली की मान मागे नेताना ती ताणली जाते आणि कळ येते. म्हणून मूल आपोआप मान खाली घालतं. मग मॅडमनी पाण्याचा ग्लास मागवला. “एकच घोट घे बाळा, आणि गिळ.” ओवीनं तोंड वेडंवाकडं करत गिळला. मॅडमनी बोटानं आम्हाला दाखवलं: गिळताना गाठ वर सरकली आणि पुन्हा खाली आली. थायरॉईड स्वरयंत्राला आणि श्वासनळीला चिकटून बांधलेली असते, म्हणून गिळताना ती त्यांच्याबरोबर वर जाते. मानेतल्या नेहमीच्या गाठी, लसिकाग्रंथी, अशा हलत नाहीत. कुठलंही मशीन न लावता, घोटभर पाण्यावर, दुखणं कुठल्या अवयवाचं ते ठरलं. कशाचं, ते ठरायचं होतं.

सोनोग्राफी त्याच दुपारी झाली. डावा लोब, म्हणजे ग्रंथीचा डावा भाग, मोठा, त्यात कडा अस्पष्ट असलेला काळसर भाग, भोवतालच्या मऊ भागात सूज. खाली निष्कर्ष: थायरॉयडायटिस (थायरॉईडचा दाह), लक्षणांशी ताडून पाहावे. ही ‘ताडून पाहावे’ची ओळ आम्ही लॅबवालेही सढळ हातानं वापरतो. आम्ही सांगायचं ते सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा, असा तिचा अर्थ.

दादानं तो रिपोर्ट ओळखीतल्या एका डॉक्टरांना फोनवर पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: हा सबअक्यूट थायरॉयडायटिस, सर्दीनंतर होतो, स्टेरॉईड सुरू करा, दोन दिवसांत पोर खेळायला लागेल. गोळीचं नाव, डोस, सगळं दादानं चिठ्ठीवर उतरवून घेतलं. ऐकायला पटणारं होतं, आणि दुखऱ्या थायरॉईडचं नेहमी आढळणारं कारण खरोखरच ते आहे. डी क्वेर्व्हां या स्विस सर्जननं १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावानंही तो ओळखला जातो. तोही विषाणूच्या आजारपणामागून येतो, ताप येतो, मान दुखते, रक्तात दाह दाखवणारा ईएसआर खूप वाढतो, आणि स्टेरॉईडनं झपाट्यानं उतरतो. पण तो बहुतेक करून मध्यम वयाच्या बायकांना होतो. लहान मुलांत क्वचित. आणि आत पू असताना स्टेरॉईड पोटात गेलं, तर दुखणं थोडं कमी वाटतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं.

मॅडमनी ती चिठ्ठी वाचली. त्या डॉक्टरांबद्दल वावगा शब्द काढला नाही. “गोळी अजून देऊ नका. आधी रक्त, मग सुई,” एवढंच म्हणाल्या.

सांगलीतल्या लॅबमध्ये माझी बॅचमेट आहे. तिनं बाकीचं सोडून आमचं सँपल आधी लावलं. पांढऱ्या पेशी २१,४००, त्यात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ८६ टक्के. दाह मोजणारी सीआरपी १४८. ईएसआर ९०. आणि टीएसएच २.३, थायरॉईडचं हार्मोन फ्री टी-४ अगदी मधोमध.

वहिनीला हायसं वाटलं. “थायरॉईड नॉर्मल आलं ना? मग थायरॉईडचं नाहीच काही.” तिथेच दादाचा चेहराही सैल झाला. मला मात्र त्या २.३ कडे बघून पोटात कालवलं. आमच्या रिपोर्टमध्ये चुकलेला आकडा ठळक छापतात, त्याच्यापुढे चांदणी येते. बरोबर आलेला आकडा साध्या अक्षरात असतो आणि तो कुणी वाचत नाही. डी क्वेर्व्हांच्या आजारात ग्रंथीभर दाह पसरतो, तिच्यात साठवलेलं हार्मोन फुटून रक्तात येतं, ते जास्त झालं की शरीर टीएसएच कमी करतं, आणि मग सुरुवातीच्या आठवड्यांत टीएसएच तळाला जातं. इतकी दुखरी, इतकी सुजलेली ग्रंथी, आणि हार्मोन जागच्या जागी? पू होतो तेव्हा बहुधा असंच दिसतं. एक कोपरा सडतो, उरलेली ग्रंथी आपलं काम करत राहते. याला अपवाद आहेत. पुवातही कधी कधी हार्मोन सांडतं आणि टीएसएच उतरतं. म्हणून मॅडम आकड्यावर थांबल्या नाहीत. पण स्टेरॉईडची चिठ्ठी त्यांनी घडी करून फाईलच्या मागच्या कप्प्यात सारली ती २.३ वाचल्यावर.

थायरॉईडमध्ये जंतूंचं सहसा चालत नाही. ग्रंथी वजनानं फार तर १५-२० ग्रॅम, तीही मोठ्या माणसाची, पण रक्तपुरवठा चार धमन्यांनी होतो, आणि तो अंगाच्या मानानं भरमसाट असतो. भोवती घट्ट वेष्टण. लसिकावाहिन्यांचं जाळं दाट. शिवाय शरीरातलं बहुतेक आयोडीन हिच्याच पोटात, आणि आयोडीन जंतूंना मानवत नाही. जखमेवर लावायचं तांबडं औषध आयोडीनचंच असतं. त्यामुळे थायरॉईडच्या सगळ्या आजारांत असा पू होण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी. “इतक्या बंदोबस्तात जंतू पोचलाय म्हणजे तीनपैकी काहीतरी असणार,” मॅडम म्हणाल्या. “एक, प्रतिकारशक्ती कमी. दोन, ग्रंथीत आधीपासून गाठ किंवा दोष. तीन, कुठून तरी वाट.” पहिल्यासाठी साखर आणि एचआयव्ही तपासलं, दोन्ही ठीक. दुसऱ्याबद्दल सोनोग्राफीत उजवा लोब निर्मळ होता. तिसऱ्याबद्दल त्या दिवशी कुणी पुढे बोललं नाही. पोरीला १०३ ताप होता, आणि मिरजेला गाडी निघायची होती.

मिरजेला सुई घातली. भूल हलकी, वर सोनोग्राफीचा प्रोब, स्क्रीनवर सुईचं टोक पांढरं दिसत होतं. मी काचेबाहेर. सिरिंजमध्ये आधी थोडं रक्त आलं आणि मग पिवळट-हिरवा दाट पू. ‘सबअक्यूट थायरॉयडायटिस’चा विषय तिथे संपला.

आता जे लिहितेय ते माझ्या कामाचं, थोडं लांबेल. पू निघाला की आपल्याकडे तो बऱ्याचदा कापसाच्या काडीवर पुसून कोरड्या नळीत टाकतात आणि नळी दुपारपर्यंत टेबलावर पडून राहते. हवा लागली की मरणारे जंतू त्या काडीवर तासाभरात संपतात. मग रिपोर्ट येतो, ‘वाढ आढळली नाही’, आणि डॉक्टर अंदाजानं औषध निवडतात. मी काचेबाहेर त्यासाठीच उभी होते. सिरिंज तशीच ठेवायला सांगितली, हवा काढून, टोपण लावून. ती हातात घेऊन थेट मायक्रोबायॉलॉजीत गेले. तिथल्या मॅडमनी मला ओळखलंही नसेल, पण सिरिंज बघून त्यांनी मला आत बोलावलं.

ग्रॅम स्टेनची, म्हणजे जंतू रंगवून बघायची, स्लाईड त्यांनी मलाही बघू दिली. पू-पेशींचे ढीग. त्यांच्यात जांभळे गोल जंतू, माळेनं लागलेले. आणि मधूनमधून गुलाबी, सडपातळ काड्या. एकाच थेंबात दोन जाती. थायरॉईडच्या पुवात पुस्तकं आधी नाव घेतात ते स्टॅफिलोकोकस ऑरियसचं, तो गोल असतो पण पुंजक्यानं बसतो. इथे तसा एकही पुंजका नव्हता.

दुसरी स्लाईड टीबीसाठी. मानेतल्या गाठी म्हटलं की आमच्या आईच्या पिढीला गंडमाळच आठवते. तिनं फोनवर दोनदा विचारलं, “क्षयाचं न्हाई न्हवं?” आपल्या देशात मानेतून पू निघाला आणि टीबी तपासला नाही असं होत नाही, होऊही नये. थायरॉईडचा टीबी असतो, पण फार विरळ, आणि तो सहसा सावकाश वाढतो. एवढा ताप, एवढी लाली नसते. स्लाईडवर काही दिसलं नाही, टीबीचीच सीबीनॅट ही झटपट तपासणीही त्याच दिवशी निगेटिव्ह आली. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, लावून ठेवलं. द्रव माध्यमात ते ४२ दिवस बघतात, मगच नाही म्हणतात.

साध्या कल्चरच्या दोन प्लेट मला दुसऱ्या दिवशी दाखवल्या. मॅकॉन्की, आतड्यातले जंतू वाढवायची प्लेट, कोरी. म्हणजे क्लेबसिएला, ई. कोलाय, साल्मोनेला यांपैकी कोणी नाही. साल्मोनेलाचं नाव ऐकून दादा चमकला. टायफॉईडचा जंतू थायरॉईडमध्ये? जातो, विरळा, विशेषतः ग्रंथीत आधीपासून गाठ असेल तर. आपल्याकडे टायफॉईड जितका आहे ते बघता शोधायलाच हवा. ब्लड ॲगरच्या, म्हणजे रक्त घातलेल्या, प्लेटवर मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती: माळेनं लागणारा स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस. हवाबंद बरणीतल्या प्लेटवर त्याच्या जोडीला हवा न लागणाऱ्या जंतूंची मिश्र वाढ.

मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमनी प्लेट झाकली आणि म्हणाल्या, “हे सगळं तोंडातलं आहे. हिरड्यांत, घशात राहणारे हे. मानेच्या आत कसे गेले, ते तुमच्या सर्जनना विचारा.”

मधल्या काळात जे व्हायचं ते होत होतं. सीटी काढला, कारण मानेतला पू खाली छातीत उतरू शकतो आणि तसं झालं तर प्रकरण हाताबाहेर जातं. उतरला नव्हता. छोटा छेद देऊन निचऱ्याची नळी घातली, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, कल्चर आल्यावर ते त्यानुसार बदललं. नर्सना एकच ताकीद होती: श्वासाला घरघर आली, लाळ गळायला लागली किंवा आवाज बदलला, तर कुणाला विचारत बसू नका, थेट वर कळवा. तसं काही झालं नाही. ताप उतरला, नळी निघाली, ओवी मान वर करून पंखा बघायला लागली.

घरी सोडताना मी सर्जनना मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमचा प्रश्न विचारला. ते घाईत होते. “दात किडलेत का दाखवून घ्या.” एक दाढ किडलेली निघाली, ती भरून घेतली. कागदावर लिहिलं होतं: डाव्या थायरॉईडचा गळू, निचरा केला, प्रकृती समाधानकारक. टीबीचं कल्चरही पुढे निगेटिव्ह आलं. आमच्या दृष्टीनं विषय मिटला.

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत पुन्हा सर्दी, पुन्हा ताप, पुन्हा डावी मान. या वेळी वहिनीनं कुणालाच विचारलं नाही. हनुवटी छातीशी गेलेली बघितली आणि पिशवी भरली.

या वेळचे नाक-कान-घशाचे सर्जन वेगळे होते. तरुण, बोलायला सावकाश. त्यांनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, “मागच्या वेळी कुठली बाजू?”

“डावीच.”

“आणि त्याच्याआधी?”

त्याच्याआधी कुठे काय होतं, असं वहिनी म्हणणार होती, तेवढ्यात तिला आठवलं. ओवी अडीच-तीन वर्षांची असताना मानेला एक फोड आला होता, गावातच चिरा देऊन काढला होता. गळू म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. सरांनी टॉर्च धरला. कॉलरच्या हाडाच्या वर, डावीकडे, तांदळाएवढा जुना व्रण. आम्ही तो जन्मापासूनचा समजत होतो.

“मुलाच्या डाव्या थायरॉईडमध्ये परत परत पू होतोय, आणि पुवात तोंडातले जंतू आहेत, म्हणजे आत भोक आहे. ते सापडेपर्यंत समजायचं की आहे,” ते म्हणाले आणि केसपेपरच्या मागे चित्र काढायला लागले.

गर्भात सुरुवातीच्या आठवड्यांत मानेच्या जागी कमानी आणि त्यांच्यामध्ये खोबणी असतात. त्यातून पुढे घसा, कान, थायरॉईडचा काही भाग, शेजारच्या ग्रंथी असं काय काय घडतं आणि खोबणी बुजून जातात. कधी तिसरी किंवा चौथी खोबण पुरती बुजत नाही. मग घशात, स्वरयंत्राच्या बाजूला जी खळगी असते, पिरिफॉर्म सायनस, तिच्या तळाशी एक बारीक तोंड राहतं आणि तिथून एक नळी थायरॉईडकडे उतरते. बाहेर काही दिसत नाही. खाल्लेलं, प्यायलेलं, थुंकी, सगळं त्या खळगीवरूनच खाली जातं. सर्दी-खोकला झाला की जंतूंसकट थोडं त्या नळीत उतरतं. ज्ञात रुग्णांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास डाव्याच बाजूचे आहेत.

दादाला ते चटकन कळलं. आमच्या रानात कालव्याच्या बांधाला उंदीर भोक पाडतात; आपण शेताच्या अंगानं चिखल लावून बुजवतो, आणि पुढच्या पाळीला पाणी तिथूनच फुटतं, कारण भोकाचं तोंड कालव्याच्या अंगाला असतं. “म्हणजे मागच्या वेळी आपण रानातनं चिखल लावला,” दादा म्हणाला. सर हसले. “निचरा करायलाच हवा होता. पण तेवढ्यानं भागत नाही.”

ही वाट तशी फार जुनी माहिती नाही. जपानमधल्या ताकाई, मियाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की असा पू होणाऱ्या रुग्णांत जंतू या आतल्या नळीवाटे येतात. तोवर पू काढायचा, औषध द्यायचं आणि पुन्हा होण्याची वाट बघायची, असंच चालायचं.

पुन्हा सुई, पुन्हा अँटिबायोटिक. या वेळी चिरा दिला नाही, सुईनंच पू ओढून काढला. पुढे भोक शोधायचं तर मानेत जितकी कमी काटछाट तितकं बरं, असं सरांचं मत. आणि मग थांबा म्हणाले. दाह असताना नळीचं तोंड सुजून मिटलेलं असतं. तेव्हा बेरियम, म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं द्रव, पाजलं तर ते आत जात नाही, रिपोर्ट ‘काही नाही’ असा येतो आणि सगळे निर्धास्त होतात. सूज पूर्ण उतरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, ही तपासणी करायची. हे थांबणं सगळ्यात अवघड गेलं. ओवी शिंकली तरी वहिनी तिची मान चाचपायची.

बेरियमची खोली थंड असते, आणि बेरियम म्हणजे खडू कालवलेलं पाणी. कितीही स्ट्रॉबेरीचा वास घातला तरी. ओवीनं पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे रागानं बघितलं. “आत्तू, हे तू पी.” रेडिऑलॉजिस्ट सरांना घाई नव्हती. उभं करून पाजलं, आडवं करून पाजलं, कूस बदलायला लावली, प्रत्येक घोटाला स्क्रीनवर पांढरा ओघ घशातून खाली घसरून जायचा आणि दोन्ही बाजूच्या खळग्या क्षणभर भरून रिकाम्या व्हायच्या. उजवी साफ. डावी साफ. पुन्हा घोट. डावी साफ. वहिनीनं “नाहीये वाटतं,” म्हटलं आणि तिच्या आवाजात आनंद होता की निराशा ते मला कळेना. सरांनी ओवीला थोडं तिरकं वळवलं. या वेळी ओघ निघून गेल्यावर डाव्या खळगीच्या तळाशी एक पांढरा दोरा उरला. केसाहून थोडा जाड, दोनेक सेंटीमीटर, खाली थायरॉईडच्या दिशेनं गेलेला. सरांनी चित्र गोठवलं. खोलीतले सगळे त्या दोऱ्याकडे बघत होते, आणि ओवी तोंड पुसत होती.

दिसला नसता तरी सर थांबणार नव्हते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. बेरियममध्ये नळी न दिसणं म्हणजे ती नसणं नव्हे. एक युक्ती आहे: ओठ मिटून, पिपाणी वाजवताना फुगवतात तसे गाल फुगवायचे आणि त्या क्षणी सीटी काढायचा. हवेनं खळगी फुगते, नळीतही हवा शिरते आणि सीटीत काळी रेघ दिसते. ही युक्तीही मियाउचींच्याच गटाची. ओवीला ती शिकवून ठेवली होती. वापरावी लागली नाही, पण पुढे कितीतरी दिवस घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गाल फुगवून दाखवायची.

मग प्रश्न आला, बुजवायचं कसं. मानेवर छेद देऊन नळी मुळापासून काढणं ही जुनी पद्धत; कधी त्यासोबत थायरॉईडचा तेवढा भागही काढावा लागतो. अडचण अशी की आवाजाच्या दोरांना जाणारी नस त्याच वाटेवर असते, आणि दोन-तीनदा पू होऊन गेलेल्या जागेत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. दुसरी पद्धत तोंडातून: पूर्ण भूल द्यायची, दुर्बीण घालायची, भोकाचं तोंड शोधायचं आणि ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड लावून ते जाळायचं. जखम भरताना तोंड मिटतं. टाका नाही, व्रण नाही. पण कधी एका खेपेत मिटत नाही, पुन्हा करावं लागतं.

दादा पहिल्या पद्धतीच्या बाजूनं. “एकदाच काय ते मुळासकट काढा.” वहिनी दुसरीच्या. सरांनी दोघांचं ऐकून घेतलं. “आधी कमी धोक्याचं करू. नाही मिटलं, तर मोठं आहेच.”

दुर्बिणीतलं चित्र त्यांनी नंतर आम्हाला दाखवलं. गुलाबी ओलसर भिंत, आणि खळगीच्या तळाशी एक गोल काळं भोक. त्यांनी सहायकाला बाहेरून मान दाबायला सांगितली तेव्हा त्या भोकातून बुडबुडा आला होता. पुढच्या चित्रात भोकाभोवतीची कातडी ॲसिडनं पांढरीफटक पडलेली. एका रात्रीत घरी. काही दिवस घोगरा आवाज, पेज आणि मऊ भात. आईनं पहिल्यांदाच कुठलाही लेप सुचवला नाही. तिनं पेजेत तूप जरा जास्त घातलं एवढंच.

काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघितलं, तोंड मिटलेलं होतं. त्यानंतर द्राक्षांचे हंगाम आले, सर्द्या आल्या, खोकले आले. मान शांत आहे. फाईलच्या पहिल्या पानावर सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय: ताप आणि डावी मान दुखली तर आधी सोनोग्राफी, स्टेरॉईड नको, पू निघाल्यास सिरिंजमध्ये पाठवावा. शेवटची सूचना माझ्या सांगण्यावरून.

गावात अजूनही विचारतात, “पोरीला थायरॉईड झालं होतं म्हणे, गोळी कितीची चालू आहे?” गोळी नाही. तिचं टीएसएच मी मध्ये आमच्याच लॅबमध्ये लावलं, २.१ आलं. आणि लॅबमध्ये एक गोष्ट मी माझ्यापुरती सुरू केलीय: फॉर्मवर मानदुखी आणि ताप लिहिलेलं असेल, पांढऱ्या पेशी चढलेल्या असतील आणि टीएसएच नॉर्मल असेल, तर नुसता रिपोर्ट छापत नाही, डॉक्टरांना फोन करते. एक-दोघांनी “बरं, बरं” म्हणून ठेवून दिला. एका डॉक्टरांनी मात्र दहा मिनिटं विचारून घेतलं.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे: मोठं ऑपरेशनच करायला हवं होतं, ॲसिडनं मिटलेलं कधीही उघडेल. सर म्हणतात, उघडलं तर बघू, न उघडलेलं कापायला मी तयार नाही. दोघं भेटले की यावर पाच मिनिटं जातातच. सध्या सरांचं चाललंय.